हौशी स्नूकर लीग कशी चालवायची: टेबलाचे तास, हँडिकॅप आणि चॅम्पियनशिपचा ड्रॉ

क्लबात स्नूकरची लीग काढायची टूम निघाली की पहिली चर्चा ट्रॉफीवर होते आणि दुसरी टी-शर्टवर. टेबल किती तास मोकळं मिळणार, हे कुणी विचारत नाही. आणि बहुतेक लीग नेमक्या तिथेच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, बसतात. दोन मॅच पुढे ढकलल्या जातात, मग चार, मग कुणाचं लग्न, कुणाचं ऑडिट, आणि शेवटी तक्ता भिंतीवर पिवळा पडत राहतो. म्हणून सुरुवात नियमांपासून नको, घड्याळापासून करा.

आधी तास मोजा

क्लब पातळीवरच्या दोन बऱ्या खेळाडूंची पंधरा रेडची (लाल बॉलची) फ्रेम, म्हणजे एक डाव, २५ ते ३५ मिनिटांत संपते. दोघंही सेफ्टी, म्हणजे समोरच्याला संधी न ठेवणारा बचावाचा खेळ, खेळणारे असतील तर पाऊण तासही जातो. हिशेबाला ३० मिनिटं धरा.

आता आठ संघ घ्या. प्रत्येक संघात तीन खेळाडू आणि एक राखीव. तिघांनी समोरच्या तिघांशी एकेक फ्रेम खेळायची म्हटलं तर नऊ फ्रेम, म्हणजे साडेचार तास. संध्याकाळी सातला सुरू केलं तर साडेअकरा वाजतात आणि शेवटच्या जोडीचा खेळ पाहायला कुणी उरत नाही. त्याऐवजी पहिल्याने पहिल्याशी, दुसऱ्याने दुसऱ्याशी, तिसऱ्याने तिसऱ्याशी दोन-दोन फ्रेम खेळायच्या. सहा फ्रेम, तीन तास, सात ते दहा. दोन टेबलं मिळाली तर दीड तासात मोकळे.

आठ संघांनी एकमेकांशी एकदा खेळायचं तर सात फेऱ्या आणि २८ मॅच होतात. आठवड्याला एक फेरी म्हणजे चार मॅच. एकच टेबल असेल तर सोमवार ते गुरुवार रोज एक. शुक्रवार ते रविवार टेबल बाकीच्या सभासदांना मोकळं राहतं. कमिटीकडून परवानगी काढताना हा मुद्दा सगळ्यात आधी मांडा. लीगला विरोध होतो तो बहुतेक वेळा ‘आम्हाला टेबलच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांकडून.

पैशाचा हिशेबही याच तासांवरून निघतो. २८ मॅच गुणिले तीन तास म्हणजे ८४ तास. समजा टेबलाचा दर तासाला ३०० रुपये आहे, तर २५,२०० रुपये. आठ संघांत वाटले की प्रत्येकी ३,१५०, आणि चौघांच्या संघात माणशी साधारण ७९०. यावर दहा टक्के चढवा, कारण एखादी मॅच लांबतेच. मार्करची (गुण मांडणाऱ्याची) बक्षिसी, चॉक आणि छपाई वेगळी. फी सगळी आधी गोळा करायची. ‘मॅचला आलो की देतो’ हे ऐकून घेऊ नका.

हंगाम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर आटोपता येईल असा बघा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात टेबलाचं कापड ओल धरतं. बॉल जड चालतो, कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) नेहमीसारखा परतत नाही, आणि बॉल एकमेकांवर आदळताना उडी मारतात, ज्याला सगळे ‘किक’ म्हणतात. शिवाय गणपतीचे दहा दिवस कुणाच्या हाती लागत नाहीत ते वेगळंच. दुहेरी फेरीची लीग हवी असेल तर १४ आठवडे लागतात. दोन आठवडे राखीव धरून १६. पहिल्याच वर्षी दुहेरी फेरीच्या भानगडीत पडू नये.

फेऱ्यांचा तक्ता

यासाठी ॲप लागत नाही. संघांना १ ते ८ क्रमांक द्या आणि दोन ओळींत मांडा: वर १, २, ३, ४ आणि खाली ८, ७, ६, ५. वरचा-खालचा म्हणजे पहिली फेरी: १-८, २-७, ३-६, ४-५. आता १ जागेवर ठेवून बाकी सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकवा. दुसरी फेरी: १-७, ८-६, २-५, ३-४. असंच सात वेळा केलं की कुठलीही जोडी दोनदा येत नाही. संघ सातच असतील तर ८ ऐवजी ‘सुट्टी’ लिहा. ज्याची गाठ सुट्टीशी, तो संघ त्या आठवड्यात बसतो.

पुढे ढकलण्याचा नियम हंगाम सुरू व्हायच्या आधी लिहून वाटा. प्रत्येक संघाला संपूर्ण हंगामात एकदाच मुभा, तीही ४८ तास आधी कळवून, आणि ती मॅच दहा दिवसांत खेळायची. नाहीतर वॉकओव्हर. उशिराला १५ मिनिटांची सवलत. त्यानंतर पहिली फ्रेम गेली, ३० मिनिटांनंतर त्या जोडीच्या दोन्ही गेल्या. संघाचे दोघंच आले तर तिसऱ्याच्या दोन फ्रेम समोरच्याला, बाकीच्या चार मात्र खेळायच्याच.

वॉकओव्हरला ६-० देऊ नका. टेबलावर ६-० जिंकणं फार अवघड असतं, आणि मग ज्याच्या नशिबी वॉकओव्हर जास्त आले तोच लीग जिंकतो. ४-० पुरे. तिसऱ्या वॉकओव्हरला संघ बाद. तोपर्यंत निम्म्याहून कमी मॅच झाल्या असतील तर त्याचे सगळे निकाल रद्द करायचे, नाहीतर उरलेल्या मॅच ४-० धरायच्या.

गुण फ्रेमला, विजयाला नाही

जिंकलेल्या प्रत्येक फ्रेमला एक गुण. मॅच जिंकल्याचे वेगळे दोन गुण ठेवले तर ४-० झाल्यावर शेवटची जोडी क्यू खोक्यात घालून निघते. फ्रेमला गुण असला की ५-० ला सुद्धा सहाव्या फ्रेमला किंमत राहते. ३-३ बरोबरीने काही बिघडत नाही.

इथे एक गोची लक्षात घ्या. गुण फ्रेमवर असतील आणि सगळे सारख्याच फ्रेम खेळले असतील, तर ‘बरोबरी झाल्यास फ्रेमचा फरक पाहावा’ हा नियम निरर्थक ठरतो. गुण सारखे म्हणजे फरकही सारखाच. तरी तो अनेक क्लबांच्या नियमपत्रकात डोळे झाकून उतरवलेला दिसतो. त्याऐवजी क्रम असा ठेवा: आपापसातली मॅच, मग जिंकलेल्या मॅचची संख्या, आणि तरीही नाही सुटलं तर दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूची एक फ्रेम. फ्रेममधल्या गुणांची बेरीज तर मुळीच धरू नका. ती धरली की हरलेल्या फ्रेममध्येही लोक शेवटच्या ब्लॅकपर्यंत खेळत बसतात आणि ३० मिनिटांचा हिशेब कोलमडतो.

खेळाडूंचा क्रम दोन्ही कर्णधारांनी चिठ्ठीवर लिहून एकाच वेळी उघडायचा. हे केलं नाही तर समोरच्याचा हुकमी खेळाडू पाहून आपला सगळ्यात कच्चा गडी त्याच्यापुढे टाकण्याची हुशारी सुरू होते.

हँडिकॅप, म्हणजे भांडणाचं मूळ

क्लबात ८० चा ब्रेक करणारा, म्हणजे एका पाळीत ८० गुण काढणारा, आणि १५ वर खूश होणारा एकाच लीगमध्ये खेळतात. हँडिकॅप, म्हणजे कमजोर खेळाडूला आधीच दिलेले गुण, नसेल तर १५ वाला तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद होतो.

सोपी पद्धत: सगळ्यात चांगला खेळाडू स्क्रॅच, म्हणजे ०. बाकीच्यांना ५ च्या पटीत आकडा, जास्तीत जास्त ४०. दोघांच्या आकड्यांतला फरक कमजोर खेळाडूला प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला. १० चा खेळाडू ३५ च्या खेळाडूशी खेळत असेल तर फळ्यावर ०-२५ लावून पहिला फटका मारायचा.

आकडा ठरवताना शेवटच्या दहा फ्रेम पाहा. समजा एखादा खेळाडू स्क्रॅचवाल्याशी सरासरी ३६ गुणांनी हरतो. त्याला ३६ द्यायचे नाहीत. दोन तृतीयांश, म्हणजे २४, जवळचा आकडा २५. याला कारण आहे. फ्रेम हातातून गेल्यावर हरणारा सैल खेळतो आणि जिंकणारा उरलेले कलर (रेड सोडून बाकीचे रंगीत बॉल) सहज साफ करतो, त्यामुळे मोठ्या पराभवातला फरक फुगलेला असतो. शिवाय पूर्ण फरक दिला तर चांगलं खेळण्याचा फायदाच उरत नाही.

आकडे तिघांनी ठरवावेत आणि त्या तिघांत मार्कर असावा. कोण सरावात ५० मारतो आणि मॅचच्या आधी ‘हात बसला नाही’ म्हणतो, हे मार्करला पक्कं ठाऊक असतं. नव्या, अनोळखी खेळाडूला तात्पुरता १५ द्या आणि दोन मॅचनंतर बदला. बाकीच्यांचा फेरविचार दर चार आठवड्यांनी. तोवर आठ फ्रेम झालेल्या असतात: सात किंवा आठ जिंकला तर ५ कमी, एखादीच किंवा शून्य जिंकला तर ५ जास्त. मॅचमध्ये ५० च्या वर ब्रेक लागला तर न थांबता ५ कमी. खाली आणायला वेळ लावायचा नाही, वर न्यायला मात्र हात आखडता.

आणखी एक चूक जवळजवळ सगळीकडे होते. हँडिकॅप फ्रेम संपल्यावर मिळवतात. मग मधल्या टप्प्यावर कुणालाच कळत नाही की नेमकं कोण पुढे आहे. टेबलावर तीन रेड आहेत. प्रत्येक रेडसोबत (१ गुण) ब्लॅक (७ गुण) धरला तर २४, आणि सहा कलरचे (२ ते ७) २७, एकूण ५१ उरले. मागे असलेला ५५ ने मागे आहे की ३० ने, यावर त्याने स्नूकर बसवायचा (समोरच्याला खेळायचा बॉल दुसऱ्या बॉलमागे लपवायचा) की रेड मारायचा हे ठरतं. त्यामुळे आकडा पहिल्या फटक्याच्या आधीच फळ्यावर लागला पाहिजे.

रेफरी नसताना

लीगच्या मॅचला बहुधा मार्करच असतो. तो गुण मांडतो, कलर परत ठेवतो, रेस्ट (लांबच्या फटक्यासाठी क्यूला टेकू देणारी काठी) हातात देतो. मार्कर दुसऱ्या टेबलावर असेल तर ज्यांची पाळी नाही त्या खेळाडूंपैकी एकाने उभं राहायचं. आळीपाळीने, एक फ्रेम या संघाचा, एक त्या संघाचा. दोन बॉल चिकटून असतील आणि आधी कुठल्याला लागेल यावर वाद होण्यासारखा असेल, तर फटका मारण्याच्या आधी पाहायला बोलवायचं. मारून झाल्यावर विचारलं तर शंकेचा फायदा मारणाऱ्याला.

नेहमी अडणाऱ्या जागा तीन-चारच आहेत.

कलर परत ठेवणे. त्याच्या जागेवर दुसरा बॉल असेल तर रिकाम्या जागांपैकी सगळ्यात जास्त किमतीच्या जागेवर. सगळ्याच जागा अडलेल्या असतील तर स्वतःच्या जागेच्या शक्य तितका जवळ, ब्लॅकच्या बाजूच्या कुशनकडे सरळ रेषेत, दुसऱ्या बॉलला न चिकटवता. अनेक ठिकाणी डोळ्यांना बरं दिसेल तिथे ठेवतात, ते चूक.

फ्री बॉल. फाउलनंतर समोरच्याला खेळायच्या बॉलच्या दोन्ही कडा सरळ दिसत नसतील तर तो कुठलाही बॉल सांगून खेळू शकतो. पाळी रेडची असेल आणि त्याने ब्राउन सांगून पॉट केला (पॉकेटमध्ये घातला) तर एकच गुण मिळतो, चार नाही. मग ब्राउन जागेवर आणि पुढे नेहमीप्रमाणे कलर. त्या फ्री बॉलच्याच मागे समोरच्याला स्नूकर बसवला तर तो फाउल. अपवाद एकच, टेबलावर पिंक आणि ब्लॅक दोनच उरले असताना.

फाउलची किंमत कमीत कमी चार; त्यात गुंतलेला बॉल ब्लू, पिंक किंवा ब्लॅक असेल तर पाच, सहा, सात. शर्टाची बाही बॉलला लागली तरी फाउलच. पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला तर पुढचा खेळाडू डी मधून (टेबलाच्या एका टोकाकडच्या अर्धवर्तुळातून) खेळतो.

मिस. पूर्ण नियमात रेफरीला वाटलं की खेळाडूने बॉल लावण्याचा पुरेसा प्रयत्न केला नाही, तर फाउलचे गुण जातातच, शिवाय बॉल होते तसे परत मांडून त्यालाच पुन्हा खेळायला लावता येतं. समोर बॉल सरळ, पूर्ण लागेल असा दिसत असताना लागोपाठ तीनदा चुकला तर फ्रेम जाते. दुसऱ्या चुकीनंतर रेफरीने ताकीद द्यायची असते. हौशी लीगमध्ये हा नियम लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तटस्थ माणूस नसताना सहा बॉल आठवणीने जागेवर ठेवायचे म्हणजे दहा मिनिटांचा वाद. लीगमध्ये इतकंच ठेवा: फाउलनंतर समोरचा, हवं तर, बॉल आहेत तिथूनच त्याला पुन्हा खेळायला लावू शकतो. हा हक्क तसाही नियमात आहेच. मिसचा पूर्ण नियम चॅम्पियनशिपच्या उपांत्यपूर्व फेरीपासून, जिथे रेफरी उभा असेल तिथे.

शेवटी फक्त ब्लॅक उरला असेल तर पहिला पॉट किंवा पहिला फाउल फ्रेम संपवतो. त्याने गुण बरोबरीत आले तर ब्लॅक पुन्हा जागेवर, नाणेफेक, आणि जिंकणारा ठरवतो की डी मधून आधी कोण मारणार.

चॅम्पियनशिप

लीग संघांची असते, चॅम्पियनशिप एकेकाची. लीग हँडिकॅपवर आणि चॅम्पियनशिप स्क्रॅचवर (हँडिकॅपशिवाय) खेळवली तर क्लबाचा खरा विजेता कोण यावर कुजबुज राहत नाही. पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी हँडिकॅपवर ‘प्लेट’ ठेवा, म्हणजे फी भरून एकच मॅच खेळल्याची तक्रार येत नाही. वेळ कमी असेल तर प्लेट सहा रेडची करा. तिथे जास्तीत जास्त ब्रेक ७५ चा आणि फ्रेम पंधरा रेडच्या जवळपास निम्म्या वेळात.

ड्रॉ एका उदाहरणाने पाहू. २२ जणांनी नावं दिली. वरचा दोनाचा घात ३२, म्हणजे १० जणांना बाय, म्हणजे न खेळता थेट पुढच्या फेरीत प्रवेश. पहिल्या फेरीत १२ जण, सहा मॅच. त्यातले सहा विजेते आणि बायवाले दहा मिळून सोळा. एकूण मॅच नेहमी खेळाडूंपेक्षा एकने कमी, इथे २१. बाय मानांकितांना, आणि मानांकन लीगमधल्या जिंकलेल्या फ्रेमच्या टक्केवारीवरून. पण लीगमधली टक्केवारी हँडिकॅपची आहे हे विसरू नका. ४० चा हँडिकॅप घेऊन ७० टक्के जिंकणारा स्क्रॅचवर मानांकित नाही. त्यामुळे मानांकन फक्त ज्यांचा आकडा १० किंवा त्याखाली आहे त्यांनाच. पहिला आणि दुसरा ड्रॉच्या विरुद्ध अर्ध्या भागांत, तिसरा-चौथा चिठ्ठी टाकून उरलेल्या दोन चतुर्थांश भागांत. मानांकितांना देऊन उरलेले बाय आणि बाकीची नावं सर्वांसमोर चिठ्ठ्या काढून. चिठ्ठ्या कमिटीच्या खोलीत काढल्या की संशय आलाच.

टेबलाचे तास पुन्हा मोजा. पहिली फेरी तीन फ्रेमची: सहा मॅच, जास्तीत जास्त नऊ तास. सोळांची फेरी पाच फ्रेमची: आठ मॅच, वीस तास. उपांत्यपूर्व पाच फ्रेमची, दहा तास. उपांत्य सात फ्रेमची, सात तास. फायनल नऊ फ्रेमची, साडेचार तास. एकूण साडेपन्नास. सगळ्या मॅच शेवटच्या फ्रेमपर्यंत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास. दोन टेबलांवर दोन शनिवार-रविवार बसतात. एकाच टेबलावर करायचं असेल तर पहिल्या दोन फेऱ्या आठवडाभर संध्याकाळी उरकून घ्या.

फायनलच्या दिवशी टेबल सकाळीच तयार हवं. बॉक बाजूपासून (जिकडे डी असते) ब्लॅककडे, कापडाच्या लवेच्या दिशेने ब्रश, मग त्याच दिशेने इस्त्री. उलटा हात फिरवला की लव उभी राहते आणि हळू फटक्यात बॉल वळतो. बॉल ओल्या कपड्याने पुसून कोरडे करा, चॉकचे ठिपके राहिले की किक वाढते. एक बॉल अगदी हळू लांबीत सोडून पाहा. शेवटच्या फुटात वळत असेल तर लेव्हल बिघडली आहे. ती त्या दिवशी हलवू नका, दोघांना सांगून टाका.

पुढची पायरी

क्लबाबाहेर खेळायचं असेल तर रस्ता राज्य संघटनेतून जातो. महाराष्ट्रात बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्रकडे नोंदणी करून राज्य स्पर्धा खेळायची; तिथल्या कामगिरीवर राष्ट्रीय स्पर्धा, जी बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया घेते; आणि तिथून आशियाई व जागतिक हौशी स्पर्धा. हौशी म्हणजे कच्चा असं समजू नये. याच शिडीवरून ओ. बी. अगरवाल १९८४ साली डब्लिनमध्ये जागतिक हौशी स्नूकर विजेते झाले, पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी २००३ मध्ये. मुंबईचा आदित्य मेहता पुढे व्यावसायिक होऊन २०१३ च्या इंडियन ओपनच्या फायनलमध्ये डिंग जुनहुईसमोर उभा होता.

राज्य स्पर्धेला नाव देण्याआधी तीन गोष्टींचा सराव हवा. हँडिकॅप नसतो, तेव्हा २०-० ने मागे पडल्यावर घाई न करता सेफ्टीला परतणं. मिसचा नियम लागतो, तेव्हा स्नूकरमधून सुटताना एक-दोन कुशनचे कोन. आणि टेबल आपलं नसतं, तेव्हा प्रत्यक्ष मॅचआधी कापडाचा वेग ओळखण्यासाठी मिळणारी मोजकी मिनिटं पॉट मारण्यात न घालवता पांढरा बॉल बॉक लाइनवरून लांबीत खालीवर सोडण्यात घालवायची. पोशाख परिपत्रकात दिलेला असतो. वेस्टकोट आणि काळे बूट आदल्या आठवड्यात घालून दोन फ्रेम खेळून पाहा, कारण नवा वेस्टकोट नेमका लांब फटक्यात काखेत अडतो.